योनकांची शस्त्रे आणि राजा मिलिंद

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद पाचशे योनकांसह रथात बसून भदन्त नागसेनांच्या भेटीस जातो. बुलढाणा परिसरातील विहारांत या ग्रंथावर प्रवचन झाले की श्रोत्यांकडून एक प्रश्न हटकून येतो. हे योनक कोण होते आणि ते लढत तरी कसे? प्रश्न वरवरचा नाही. नागसेनांनी राजाला धम्म सांगताना सैन्य, तट, खंदक आणि रणांगण यांच्या उपमा जागोजाग वापरल्या आहेत. ज्याच्यासाठी त्या योजल्या, त्याचे सैनिकी जग ठाऊक नसेल तर त्यांचा निम्मा अर्थ हातातून निसटतो. आपल्याकडील चित्रांत मिलिंद कधी पौराणिक नाटकातील राजासारखा, तर कधी सिकंदराच्या शिपायासारखा रंगविलेला असतो. आमच्या मते ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत.

'योन' किंवा 'यवन' म्हणजे ग्रीक. ग्रीकांच्या आयोनिया या प्रदेशावरून इराणी लोक त्यांस 'यौन' म्हणत व तेच नाव भारतात रूढ झाले. इ. स. पू. सातव्या शतकापासून ग्रीक नगरराज्यांचा मुख्य योद्धा म्हणजे जड शस्त्रांचा पायदळी सैनिक, ज्यास ते 'हॉप्लाइट' म्हणत. त्याची खरी ओळख भाल्यापेक्षा ढालीने पटे. ही ढाल परातीसारखी खोलगट व गोल, सुमारे तीन फूट व्यासाची असे. लाकडाच्या सांगाड्यावर बहुधा काशाचा पत्रा मढविलेला असे आणि वजन सहा ते आठ किलो भरे. मध्यभागी असलेल्या कड्यातून डावा हात कोपरापर्यंत घालावयाचा व कडेची मूठ पंजाने धरावयाची, अशी तिची रचना होती. त्यामुळे ढालीचा डावा अर्धा भाग धारकाच्या शरीराबाहेर राही व डावीकडील सोबत्याचे उजवे अंग झाकी. उजव्या हातात सात-आठ फुटांचा भाला असे. त्याच्या मागील टोकासही धातूचा अणकुचीदार खिळा बसविलेला असे, म्हणजे पाते मोडले तर भाला उलटा फिरवून वापरता येई. कमरेची आखूड तलवार भाला निकामी झाल्यावरच बाहेर निघे.

हे सैनिक खांद्याला खांदा लावून, साधारणपणे आठ रांगा खोल, असे उभे राहत. या व्यूहास 'फॅलँक्स' म्हणतात. त्याचे बळ एकेकट्याच्या शौर्यात नव्हते. रांग न तुटण्यात होते. शिरस्त्राण टाकून पळालेल्यापेक्षा ढाल टाकून पळालेल्याची स्पार्टात अधिक नाचक्की होई. याचे कारण प्लुटार्कने नोंदविले आहे. शिरस्त्राण स्वतःसाठी असते, ढाल मात्र सर्व रांगेसाठी. या रचनेतला दोषही ढालीतूनच उपजला होता. इ. स. पू. ४१८ मधील मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना थुसिडिडीज म्हणतो की, प्रत्येक जण आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड नेऊ पाहतो, म्हणून चालता चालता सारे सैन्य उजवीकडे सरकत जाते. थीब्जच्या एपामिनोन्डसने इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे ठरावीक रीत मोडली. डाव्या बगलेस पन्नास रांगांची खोली देऊन त्याने स्पार्टाच्या निवडक उजव्या बगलेवर घाला घातला आणि स्पार्टाचा दरारा कायमचा संपविला.

येथे पालीच्या अभ्यासकास मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त आठवल्याखेरीज राहत नाही. चातुर्वर्ण्य जन्मसिद्ध व सार्वत्रिक आहे असे मानणाऱ्या तरुण ब्राह्मणास भगवान बुद्ध विचारतात की, योन-कंबोज आदी सीमाप्रदेशांत 'अय्य' आणि 'दास' असे दोनच वर्ण आहेत आणि तेथे अय्याचा दास व दासाचा अय्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? ग्रीकांच्या रणांगणावर हे दोन्ही वर्ण दिसतात. शस्त्रे ज्याची त्याने आपल्या पैशाने घ्यावयाची असत. म्हणून रांगेतले स्थान बहुतांशी ऐपतीवर ठरे. अथेन्समधील गरीब नागरिकास ते परवडत नसे. तो युद्धनौकेची वल्ही मारी आणि इ. स. पू. ४८० च्या सॅलमिसच्या विजयानंतर त्या वल्ह्यांमुळेच त्याचे राजकीय वजन वाढले. दास मात्र मालकाची ढाल व शिधा वाहून नेई. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लॅटिया येथे प्रत्येक स्पार्टन योद्ध्यामागे सात हेलट, म्हणजे भूदास, होते असे हिरोडोटस सांगतो. तेव्हा ग्रीकांची समता ढालीच्या रांगेपुरती होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाऊ नयेत. परंतु शस्त्र कोणी धरावे हा प्रश्न तेथे धर्मशास्त्राने कायमचा बंद केलेला नव्हता. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांस शस्त्र नाकारले, म्हणून त्यांस बंड करता आले नाही, ही बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये केलेली मांडणी या तुलनेत अधिक स्पष्ट होते.

भारताच्या सीमेवर आलेले ग्रीक सैन्य मात्र या नागरिक-सैनिकांचे नव्हते. मॅसिडोनियाचा राजा फिलिप दुसरा याने पायदळाच्या हाती 'सरिसा' नावाचा सुमारे अठरा फुटांचा भाला दिला. तो दोन्ही हातांनी पेलावा लागे, म्हणून ढाल लहान झाली व गळ्यात अडकविली गेली. पहिल्या पाच रांगांची भाल्याची टोके व्यूहाच्या पुढे निघत आणि समोरच्यास जणू साळिंदराशी गाठ पडे. या पायदळाने शत्रूस जागीच खिळवून ठेवावयाचे आणि घोडदळाने बगलेवरून तडाखा द्यावयाचा, ही सिकंदराची रणनीती. लोहाराच्या ऐरणीवर लोखंड धरून घण घालावा, तशी ती होती.

इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या युद्धात या रीतीची कसोटी लागली. पावसाने झालेल्या चिखलात पोरसाचे रथ रुतले. पण हत्तींनी मॅसिडोनियाच्या रांगा विस्कळीत केल्या. हलक्या शस्त्रांच्या सैनिकांनी माहुतांस टिपले, तेव्हा कोठे डाव उलटला. ग्रीकांनी या अनुभवाचे चीज केले. सेल्यूकसाने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून प्रदेश दिला आणि पाचशे हत्ती घेतले, तेच इ. स. पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत त्याच्या कामी आले. तिकडे भूमध्य समुद्राकाठी सरिसाचा व्यूह खडबडीत जमिनीवर फुटतो हे रोमनांनी इ. स. पू. १९७ मध्ये सायनोसेफली येथे व १६८ मध्ये पिडना येथे सिद्ध केले.

पिडनानंतर थोड्याच काळात मिलिंद, म्हणजेच मिनँडर, पंजाबात राज्य करीत होता. त्याच्या रौप्य नाण्यांवर कधी शिरस्त्राण घातलेला, तर कधी भाला उगारलेला राजा दिसतो. मागील बाजूस ढाल व वज्र घेतलेली अथेना देवी असते. एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आहेत. त्याच्या काही ताम्र नाण्यांवर हत्तीचे मस्तक, तर एका प्रकारावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. त्याच्या मागून आलेल्या अनेक योनक राजांच्या नाण्यांवर राजा घोड्यावर स्वार आहे. लांब भाल्यांच्या पायदळी व्यूहाचे चित्र मात्र या नाण्यांवर आढळत नाही.

पाली ग्रंथाची साक्षही याहून वेगळी नाही. त्यातील राजा आपले चतुरंग सैन्य, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, पाहण्यास नगराबाहेर पडतो. त्याला अवगत असलेल्या एकोणीस विद्यांत युद्धविद्या आहे. त्याच्या सागल नगरीला खंदक, तट व बुरूज आहेत. हे वर्णन साचेबंद आहे हे खरे, तरीही भारतात रुळलेल्या योनक राजाचे सैन्य मिश्र झाले असावे, याच्याशी ते विसंगत नाही.

आता उपमांकडे पाहू. आधीपासून प्रयत्न कशासाठी, असे राजा विचारतो. नागसेन उलट विचारतात की, शत्रू समोर ठाकल्यावर तू खंदक खणावयास, तट उभारावयास, धान्य साठवावयास लागतोस काय? हत्ती, घोडा, रथ, धनुष्य व तलवार यांचे शिक्षण तेव्हा घेतोस काय? राजास 'नाही' म्हणावेच लागते. दुसऱ्या ठिकाणी ते 'विरिय' म्हणजे काय हे सांगतात. मोठ्या सैन्याने लहान सैन्यास मोडले असता राजा मागून कुमक धाडतो आणि तेच लहान सैन्य मोठ्यास मोडते; तसे विरिय कुशल धम्मांस टेकू देते. रांग मोडली की सर्व संपले, हे जाणणाऱ्या राजास ही उपमा निराळे भाष्य न करता कळली असणार. उपमा देताना नागसेन शस्त्रांची निंदा करीत नाहीत वा स्तुतीही करीत नाहीत. श्रोत्यास जे पक्के ठाऊक आहे त्यावरून ते त्याला पुढे नेतात. संवादाला बसण्यापूर्वी मात्र त्यांनी अट घातली होती की चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. राजाशी मतभेद केला तर शिक्षा होते. पंडितात चूक दाखविली तरी कोणी रागावत नाही. सशस्त्र अंगरक्षकांच्या देखत घातलेली ही अट आम्हांस संपूर्ण ग्रंथात सर्वांत धाडसाची वाटते.

योनक योद्धा कसा दिसे, याचा एक शिल्पपुरावा भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर आहे. हा कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाहावयास मिळतो. आखूड केसांवर पट्टी बांधलेला, अंगरखा व जोडे घातलेला तो पुरुष एका हातात द्राक्षवेल धरून आहे. त्याची रुंद तलवार म्यानात आहे आणि म्यानावर बौद्ध चिन्ह कोरलेले आहे. त्याच कठड्यावर आपल्या विदर्भातील भोजकटच्या एका भिक्खुणीचे दान नोंदलेले आहे, हे बुलढाण्याच्या वाचकांनी अवश्य ध्यानी ठेवावे. नाशिकच्या लेण्यांत तर एकाच डोंगरावर यवनांचा संहार करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती आहे आणि उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या योनकाने खोदविलेले लेणेही आहे.

मिलिंदाच्या अखेरीविषयी दोन साक्षी आहेत. पाली ग्रंथाच्या समारोपात तो पुत्रास राज्य देऊन प्रव्रज्या घेतो व अर्हत होतो. प्लुटार्क मात्र तो सैन्याच्या छावणीत मरण पावला आणि त्याच्या रक्षेचे वाटे नगरांनी करून घेतले, असे सांगतो. 'मिलिंदपञ्ह'चा उत्तरभाग चिनी भाषांतरात नाही. तो मागाहून जोडला गेला असावा, असे मत मान्य केले तर प्लुटार्कची साक्ष डावलणे कठीण जाते. ग्रंथाच्या जुन्या भागाच्या शेवटी, संवाद संपवून उठताना, राजा स्वतःच नागसेनांना आपली अडचण सांगतो. सोन्याच्या पिंजऱ्यातला सिंह जसा तोंड बाहेर करून बसतो, तसा मी घरात राहतो. पण घर सोडले तर मी फार काळ जगणार नाही, कारण माझे शत्रू पुष्कळ आहेत.