पहिले चोवीस तास

अमळनेर असो की मुंबई, रुग्णालयात बाळ जन्मले की त्याला बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या तीन लसी द्यायच्या असतात. पहिल्या दोघींना थोडा उशीर चालतो. तिसरीला २४ तासांची मुदत. असे का?

आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर तो बहुधा प्रसूतीच्या वेळी बाळात शिरतो. मग शिरल्यावर लस टोचून काय उपयोग? पण हा विषाणू संथ आहे. यकृतात जम बसवायला त्याला काही आठवडे लागतात. लस लगेच मिळाली तर प्रतिपिंडे त्याच्याआधी तयार होतात. ही शर्यत हरलो तर? प्रौढ माणूस बहुधा बरा होतो. लागण झालेल्या १०० नवजात बाळांपैकी सुमारे ९० जणांत मात्र विषाणू कायमचा राहतो. मूल हसतखेळत आपल्या वर्गात बसते. यकृताचा आजार किंवा कर्करोग उघड होतो तो ऐन कर्तेपणी.

म्हणून गरोदरपणातच आईचे रक्त तपासावे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते आणि कागद सासरी राहतो! तो कागद हाती असला तर बाळाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देता येते. अंगावरचे दूध मात्र तोडू नये.

बाळंतपण घरी झाले आणि २४ तास उलटले, तर सरकारी वेळापत्रकाप्रमाणे पुढचा डोस थेट दीड महिन्याने. तोवर विषाणूला मोकळे रान.