बाह्यत्वचा-वृद्धिघटक : नाव आणि कार्य

पेशींच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यास मानवी वृद्धिघटक आज चूर्णरूपाने कुपीत मिळतो. त्यामुळे हे मिठासारखेच एखादे रसायन असून अमुक वजन घातले की अमुक वाढ मिळते, असा समज सहज रूढ होतो. बाह्यत्वचा-वृद्धिघटकाच्या उदाहरणावरून हा समज तपासून पाहणे उचित होईल.

स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ साली हे प्रथिन उंदराच्या लालाग्रंथीतून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. नवजात उंदरांस ग्रंथीचा अर्क टोचला असता, एरवी चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडणारे त्यांचे डोळे सातव्याच दिवशी उघडत. त्यावरून त्यांना या द्रव्याचा माग लागला. मानवी प्रथिनात ५३ अमिनो आम्ले असून गंधकाचे तीन बंध त्यास आकार देतात. त्यावर शर्करेची साखळी आवश्यक नसल्याने मानवी जनुक ई. कोलाय या जंतूत घालून ते तयार करविता येते. मात्र जंतूच्या पेशीद्रवात हे बंध नीट जुळत नाहीत. चुकीच्या घडीचे प्रथिनही विद्युत्-संचलनाच्या नेहमीच्या चाचणीत एकच स्वच्छ पट्टा दाखवू शकते! म्हणून कुपीवरील शुद्धतेच्या टक्केवारीवर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते. प्रत्यक्ष पेशींवर मोजलेली क्रियाशीलता हीच खरी कसोटी होय.

हे प्रथिन पेशीचे अन्न नव्हे, तो निरोप आहे. पेशीपृष्ठावरील ग्राहीस ते चिकटताच दोन ग्राही जोडीने येतात, परस्परांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढवितात आणि निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. निरोपाचा अर्थ मात्र पेशीवर अवलंबून असतो. 'ए-४३१' या मानवी कर्कपेशींवर असे ग्राही लक्षावधी असतात. त्वचेच्या पेशी ज्या मात्रेने वाढतात, त्याच मात्रेने या पेशींची वाढ खुंटू शकते. तेव्हा 'वृद्धिघटक' हे नाव अर्धसत्यच म्हटले पाहिजे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून पेशीवंश मागवून सोलापुरात प्रयोग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. संवर्धनद्रवातील वासराच्या रक्तरसात मुळातच अनेक वृद्धिघटक असतात. तो आधी कमी केल्याखेरीज प्रथिनाचा परिणाम वेगळा दिसत नाही. मात्रा मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम एवढीच असते आणि इतक्या विरल द्रावणातील प्रथिन नळीच्या भिंतीसच चिकटून जाते. यास्तव त्यात थोडे अल्ब्युमिन मिसळतात. द्रावण पुनःपुन्हा गोठवू नये. जंतूच्या भित्तिकेतील विषद्रव्य सोबत आले असल्यास, विशेषतः भक्षकपेशींवर, त्याचाच परिणाम प्रथिनाच्या नावे नोंदला जाण्याचा संभव असतो. ग्राहीस रोधणारे द्रव्य घालूनही परिणाम टिकला, तर तो या प्रथिनाचा मानू नये.

सोलापूरच्या पूर्वेस हैदराबाद येथे भारत बायोटेकने हेच पुनःसंयोजित प्रथिन मधुमेहींच्या पायांवरील न भरणाऱ्या जखमांसाठी लेपरूपाने आणले आहे. जखमेतील विकरे प्रथिन तोडून टाकतात, त्यामुळे तेथेही प्रश्न वजनाचा नसून अखंड व क्रियाशील रेणू किती उरतात, याचाच असतो.