श्रीचक्रधरांची रामयात्रा व तिच्या पोथ्या

रामटेकच्या गडाचें प्राचीनत्व सांगतांना देवळें व शिलालेख यांकडे अभ्यासकांचें लक्ष प्रथम जातें. परंतु या क्षेत्राचा एक मोठा साक्षीदार कागदावर आहे. तो म्हणजे महानुभाव पंथाचें चरित्रवाङ्मय. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर व रामटेक यांचा संबंध काय, आणि पोथीसंग्राहकांस त्याचें महत्त्व कां वाटावें, हें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

चक्रधर मूळचे गुजराथेंतील. भडोचकडील प्रधान विशाळदेव यांचे हे पुत्र. पूर्वाश्रमींचें नांव हरिपाळदेव. संसारांतून मन उठल्यावर त्यांनीं पित्याजवळ रामयात्रेची अनुज्ञा मागितली. पित्यानें ती नाखुषीनेंच दिली व बरोबर परिवार दिला. तो वाटेंतच मागें सारून हरिपाळदेव एकटे पुढें निघाले. ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंची भेट होऊन त्यांच्यापासून त्यांनीं शक्तिस्वीकार केला. तेथून ते साळबर्डीच्या डोंगरांत गेले व पुढें बारा वर्षें तपश्चर्येंत राहिले. रामटेक येथील भोगरामाचें स्थान त्यांच्या वास्तव्यामुळें पंथीयांस आजही वंद्य आहे. पैठण येथील संन्यास शके ११९० चा व उत्तरापंथें गमन शके ११९६ चें, असें सामान्यतः मानितात.

या वृत्तांतांत श्रद्धेचा भाग आहे हें उघड आहे. तथापि एक गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. घर सोडण्यास रामयात्रा हें कारण पुरेसें होतें, असें ज्यांनीं लिहून ठेविलें त्यांस रामटेकाची कीर्ति गुजराथेपर्यंत पोंचली होती हें गृहीतच होतें. ऋद्धिपूर ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेला प्रभावतीगुप्तेचा लेख पांचव्या शतकांतील असून तो रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून दिलेला आहे. गडावरील लक्ष्मणमंदिराचा लेख यादव रामचंद्राच्या काळचा असून त्यांत येथील तीर्थांची गणना केलेली आहे. ताम्रपट, शिलालेख व पोथी असे हे तीन साक्षीदार एकमेकांस पूरक आहेत.

आतां पोथ्यांविषयीं. चक्रधरांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांच्या पश्चात् आचार्य नागदेव व इतर प्रत्यक्षदर्शी यांस विचारून म्हाइंभटांनीं शके १२०० च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. केशिराजांनीं त्यांतून ‘सूत्रपाठ’ व ‘दृष्टांतपाठ’ निवडले. मूळ प्रत धाडींत गेल्यावर शिष्यांनीं स्मरणाच्या आधारें लीळा पुन्हा जुळविल्या. त्यामुळें निरनिराळे पाठ उत्पन्न झाले. पुढें रवळोबासांची सकळ लिपि प्रचारांत आली. तींत एका अक्षराबद्दल दुसरें योजिलेलें असतें, यामुळें हें भांडार बाहेरच्यांस शतकानुशतकें अवाच्य राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं तिची उकल केली, नागपूरचे ह. ना. नेने यांनीं ‘लीळाचरित्र’ छापण्यास आरंभ केला, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं महानुभावीय वाङ्मयाचा परिचय करून दिला, आणि १९७८ मध्यें वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति निघाली.

यावरून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, न वाचतां येणारी पोथी निरर्थक समजून टाकूं नये. प्रतीचा शेवट, लेखनकाल, लेखकाचें नांव व आम्नाय यांची नोंद प्रथम करावी. पाठांची परंपरा लावण्यास हींच साधनें उपयोगी पडतात. जीर्ण पानें क्रम न मोडतां ठेवावीं. ‘स्थानपोथी’ची प्रत मिळाल्यास ती रामटेकास नेऊन प्रत्यक्ष स्थळांशीं ताडून पाहावी, कारण तींत दारांच्या दिशा व स्थळांमधील अंतरें यांचें वर्णन असतें. एखादें देऊळ पडलें किंवा बदललें तरी त्याची जुनी रचना अशा एका पानावरून कळूं शकते. तें पान गेलें, तर विचारावयास दुसरा साक्षीदार राहणार नाहीं.