साक्ष देणारी रिगोबेर्ता

गटाच्या बैठकीत आपण इतिवृत्त लिहितो, खाली सह्या-अंगठे घेतो. कशासाठी? उद्या कुणी म्हणालं, "असं ठरलंच नव्हतं," तर वही पुढे करता यावी म्हणून. आज एका बाईची ओळख करून घेऊ. आपल्या समाजावर झालेल्या अत्याचाराची साक्ष तिने जगापुढे दिली.

त्यांचं नाव रिगोबेर्ता मेंचू. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, डोंगरातल्या माया आदिवासी शेतकरी घरात १९५९ साली त्यांचा जन्म झाला. त्या देशात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं सरकार आणि बंडखोर यांच्यात युद्ध चाललं. जमिनीचा हक्क मागणाऱ्या आदिवासींनाही सरकारने शत्रू मानलं. रिगोबेर्तांचे वडील शेतकऱ्यांच्या चळवळीत होते. जानेवारी १९८० मध्ये दाद मागायला आंदोलक राजधानीतल्या स्पेनच्या वकिलातीत शिरले. पोलिसांनी आत घुसून कारवाई केली, आग लागली आणि वडिलांसह ३७ जण गेले. भाऊ आणि आई यांनाही लष्कराने मारलं.

१९८१ मध्ये रिगोबेर्ता मेक्सिकोत गेल्या. त्यांनी हत्यार धरलं नाही. बोलायला सुरुवात केली. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीचं पुस्तक झालं आणि जगाला ग्वातेमाला कळलं. १९९२ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे एका अभ्यासकाने पुस्तकातल्या काही तपशिलांवर आक्षेप घेतला. इतरांचे अनुभवही त्यात आलेत, हे त्यांनी मान्य केलं. म्हणून आपणही लिहिताना पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहावं. मात्र मूळ गोष्ट खोटी नव्हती. १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाने सांगितलं, की २ लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींमध्ये शंभरातले ८३ माया होते.

त्याच वर्षी रिगोबेर्तांनी स्पेनच्या न्यायालयात लष्करी राज्यकर्त्यांविरुद्ध तक्रार केली. वकिलातीच्या प्रकरणात २०१५ साली ग्वातेमालातच एका माजी पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली. तब्बल ३५ वर्षांनी!

मैत्रिणींनो, शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे. गावात कुणा बाईवर अन्याय झाला, तर "जाऊ दे गं" म्हणण्याआधी तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवू या. न्यायाला उशीर लागेल, पण कागद वाट पाहतो.