घशात काटा अडकला, कवळी गिळली? भाताचा गोळा नको, आधी दवाखाना गाठा

आखाड असो की गावची जत्रा, मटणाची पंगत बसली की घाईघाईत हाड गिळल्याच्या गोष्टी कानावर येतात. धरणाकाठच्या गावांत मासळीचा काटा, म्हाताऱ्या माणसांत कवळी, तर शिंप्याच्या तोंडातली टाचणी किंवा सुताराच्या तोंडातला खिळा, अशा वस्तू मोठ्या माणसांच्याही पोटात जातात. पोटात गेलेल्या दहापैकी आठ-नऊ वस्तू आपोआप शौचावाटे बाहेर पडतात. दहा ते वीस टक्के लोकांना दुर्बिणीची गरज लागते आणि ऑपरेशनची वेळ शंभरात एखाद्यावरच येते. धोका आहे तो अंगावर काढण्यात आणि घरगुती उपायांत.

आधी ओळखा, श्वासनलिका की अन्ननलिका?

माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, चेहरा निळा पडतोय, तर घास श्वासनलिकेत अडकला आहे. इथे मिनिटांचा खेळ असतो. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरी सुटला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबावे. गरोदर बाई असेल तर पोट न दाबता छाती दाबावी. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

श्वास नीट चालू आहे, पण गिळताना टोचतंय, छातीत अडकल्यासारखं वाटतंय, तर वस्तू घशात किंवा अन्ननलिकेत आहे. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नसेल आणि लाळ बाहेर गळत असेल, तर अन्ननलिका पूर्ण बंद झाली असे समजावे.

हे करू नका

भाताचा गोळा, केळं किंवा भाकरीचा कोरडा घास गिळायला देऊ नये. त्याने काटा आणखी खोल रुततो. शिवाय पोट भरलेलं असलं की भूल देताना अडचण होते आणि दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही. घशात बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. एरंडेल, जुलाबाची गोळी देऊ नये. दवाखान्यात पोचेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये.

डॉक्टर काय करतात?

काय गिळलं, किती वाजता, केवढी वस्तू, हे आधी विचारतात. तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत न्यावी. एक्स-रेत नाणं, खिळा, टाचणी दिसते. मासळीचा बारीक काटा, लाकूड, प्लास्टिक बहुतेक वेळा दिसत नाही. कवळीचीही फक्त तार दिसते, प्लास्टिकचा भाग दिसत नाही. म्हणून फोटोत काही आलं नाही, पण त्रास चालूच आहे, तर सीटी स्कॅन किंवा दुर्बीण लागते.

अन्ननलिकेत टोकदार वस्तू किंवा बटण सेल अडकला असेल, किंवा लाळ गिळता येत नसेल, तर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांत दुर्बिणीने वस्तू काढावी लागते. बाकीची वस्तू अन्ननलिकेत असेल तर चोवीस तासांच्या आत. टोकदार वस्तू, लोहचुंबक, पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू जठरात असली तरी चोवीस तासांतच काढतात. उशीर झाला तर अन्ननलिकेला भोक पडून छातीत पू होऊ शकतो. असा रुग्ण दगावूही शकतो.

लहान, बोथट वस्तू जठरात उतरली असेल तर डॉक्टर घरी पाठवतात. जेवण नेहमीचंच चालतं. वस्तू साधारण चार ते सहा दिवसांत पडते, कधी तीन-चार आठवडेही लागतात. शौचात लक्ष ठेवावं आणि सांगितल्या तारखेला फोटो काढावा. पोटात दुखलं, ताप आला, उलट्या झाल्या, शौच काळी किंवा रक्ताची झाली, तर तारखेची वाट बघू नये.

घास वारंवार अडकतोय?

मोठ्या माणसात साधा घास पुन्हा पुन्हा अडकत असेल तर अन्ननलिका आतून अरुंद झालेली असू शकते, कधी कॅन्सरही निघतो. तंबाखू, दारू असणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दुर्बीण नसते. तालुक्याच्या ठिकाणीही सगळीकडे नसते. त्यामुळे निघण्याआधी फोन करून दुर्बिणीची सोय कुठे आहे ते विचारावं. दोन दवाखाने फिरण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.