किल्ला, चौथरा आणि कलम एकवीस

मूलभूत हक्कांचा इतिहास सांगताना आपण बहुधा दिल्लीपासून सुरुवात करतो. तो अहिल्यानगर जिल्ह्यातूनही सांगता येतो. इथून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. हक्क घटनेत लिहिलेला असतो, पण न्यायालय तो किती व्यापकपणे वाचते आणि किती वेळेत वाचते, यावर नागरिकाच्या पदरात काय पडणार ते ठरते.

किल्ल्यातले स्थानबद्ध

ऑगस्ट १९४२मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव अशा काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षेची मुदतही नाही. मार्च १९४५पर्यंत नेहरू तिथेच होते.

ही स्थानबद्धता भारत संरक्षण नियमांखाली चालत असे. त्यातला २६वा नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा असल्याचा निकाल फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३मध्ये केशव तळपदे खटल्यात दिला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून ती त्रुटी बुजवली. हक्क घटनेत नसतील, तर न्यायालयाचा निकाल किती टिकतो, हे तेव्हाच दिसले.

पुढे संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष पटेल झाले आणि हक्कांच्या उपसमितीचे कृपलानी. विनाचौकशी कोठडी भोगलेल्या माणसांच्या हातून स्वातंत्र्याची कलमे घडली. तरीही प्रतिबंधक स्थानबद्धता घटनेत राहिलीच. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या २१व्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच संरक्षण उरल्याने डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९मध्ये भरपाई म्हणून आजचे २२वे कलम मांडले. अटक झालेल्याला कारण सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, ही हमी त्यातलीच. स्थानबद्धतेचा अपवादही त्याच कलमात आहे.

एकाच कलमाची तीन वाचने

१९५०मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने २१वे कलम अक्षरशः वाचले: विधिमंडळाने कार्यपद्धती ठरवली की ती न्याय्य आहे का, हे विचारायचे नाही. या वाचनाची सर्वांत कठोर परीक्षा आणीबाणीत झाली. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकायला हवी असे म्हटले होते. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते दार बंद केले. विरोधी मत एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांचे होते.

जानेवारी १९७८च्या मनेका गांधी निकालाने वाचन बदलले. कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, असे ठरले. त्याच वर्षीच्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २०वे आणि २१वे कलम स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. मात्र १९७६चा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरायला २४ ऑगस्ट २०१७चा खासगीपणाच्या हक्काचा निकाल यावा लागला. चूक मान्य व्हायला ४१ वर्षे लागली, आणि तुरुंगात गेलेल्यांचे दिवस काही परत आले नाहीत.

शिंगणापूरचा चौथरा

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर जायला स्त्रियांना मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५मध्ये एक तरुणी वर गेली आणि नंतर चौथऱ्याचे शुद्धीकरण झाले. प्रजासत्ताकदिनी तिकडे निघालेल्या भूमाता ब्रिगेडच्या महिलांना पोलिसांनी सुप्याजवळ अडवले. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली.

न्यायालयाला नवा सिद्धांत शोधावा लागला नाही. सार्वजनिक हिंदू पूजास्थानात कुणालाही अडवू नये, अडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, असा महाराष्ट्राचा कायदा १९५६पासून होताच. १ एप्रिल २०१६ रोजी मुख्य न्यायमूर्ती वाघेला आणि न्या. सोनक यांच्या खंडपीठाने त्याची अंमलबजावणी करणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी महिलांना पुन्हा अडवले गेले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थानने चौथरा सर्वांना खुला केला. साठ वर्षे कायदा पुस्तकात होता. तो जमिनीवर यायला अडवणूक सोसणाऱ्या बायका लागल्या, न्यायालयही लागले.

परक्यांचेही हक्क

१४वे आणि २१वे कलम ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, केवळ नागरिकाला नव्हे. २०२०मध्ये करोनाच्या भीतीत याच जिल्ह्यात तबलीगी जमातच्या २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदले गेले. २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. व्हिसाच्या अटी मोडल्याचा पुरावा नव्हता. साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, अशी चिंताही निकालात आहे. न्या. नलावडे यांच्या काही निरीक्षणांशी न्या. सेवलीकर सहमत नव्हते, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचे एकमत होते. या दोघांनीच फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या नागरिकत्व कायद्याविरोधी धरण्याला आडवा येणारा जमावबंदीचा आदेश रद्द केला होता. शांततेने विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येत नाही, हे त्यांनी बजावले.

असा विरोध अहिल्यानगर जिल्ह्यालाही नवा नाही. जून २०१७मध्ये इथल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला. इथल्याच राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंना ऑगस्ट २०११मध्ये उपोषणाआधीच दिल्लीत ताब्यात घेतले गेले. संप आणि उपोषण ज्या मोकळीकीवर उभे राहतात, तिच्या रक्षणासाठी असे निकाल लागतात.

आता काय मागायचे

निकाल आले, पण उशिरा. म्हणून मागणीही वेळेचीच हवी. स्थानबद्धतेच्या याचिका आणि जमावबंदीच्या आदेशांना दिलेली आव्हाने काही दिवसांत ऐकली गेली पाहिजेत. मोर्चाचा दिवस उलटून गेल्यावर मिळालेली परवानगी कुणाच्या कामाची? ४४व्या दुरुस्तीतला, स्थानबद्धतेची मुदत आवळणारा भाग अजून अमलात आलेला नाही. तो आणण्यासाठी केंद्र सरकारकडे आग्रह धरायला हवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसे आणि कोठडीतली व्यक्ती यांना तालुका विधी सेवा समितीतून मोफत वकील मिळतो, ही माहिती प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत, मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. आपला हक्क ज्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असेल, त्याला न्यायालयाची वाट पाहत बसण्याची वेळ कमी येईल.