माउस हलला म्हणजेच हॅक नव्हे

"माउस आपोआप फिरतोय, कोणीतरी आत शिरलंय!" आमच्या खुटबाव गावात असं कोणी म्हणालं की मी आधी माउसखालची धूळ पुसायला सांगतो. मुरलेला घुसखोर सहसा माउस हलवत नाही हो, तो गुपचूप बसतो.

शेजारच्या शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा हिंसाचाराचं प्रकरण आठवा. त्यातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालानुसार, १३ जून २०१६ ला ओळखीच्या खात्यावरून आलेल्या मेलमधली फाइल उघडली गेली आणि 'नेटवायर' हे दुरून ताबा घेणारं सॉफ्टवेअर आत आलं. पुढे २२ महिन्यांहून अधिक काळ ताबा परक्याकडे! तपास करणाऱ्या एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) हे निष्कर्ष नाकारले. पण नेटवायरची करामत खरीच: टाइप केलेलं टिपतं, पासवर्ड उचलतं, वर फाइल आणूनही ठेवतं.

शंका आली तर आधी इंटरनेट तोडा. मग एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं दुरून ताबा देणारं, आपण न टाकलेलं सॉफ्टवेअर आहे का बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप बंद करा. पासवर्ड मात्र दुसऱ्याच मोबाइलवरून बदला, त्याच मशीनवरून बदललात तर नवाही घुसखोरालाच कळेल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. फॉरमॅट मारायची घाई नको, पुरावाच पुसला जातो.